परतूमास्तरांचे चुन्याचे पट्टे

परतूमास्तरांइतका भित्रा माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही. पाल चुकचुकली तरी खडू खाली ठेवणारा माणूस! आणि आम्हा पोरींना जंगल दाखवायला अख्ख्या गावातून तेवढा एकच पुढे आला. खरं नाव वेगळंच होतं, पण वाटेत दर वळणावर थांबून ते विचारायचे, "पोरीहो, परतू काय आता?" मग दुसरं काय नाव पडणार?

आमचं गाव वणीहून झरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, डोंगराला पाठ टेकून बसलेलं. जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला, त्याच सुमारास मास्तर आमच्या शाळेत आले. एकदा वर्गात त्यांनी विचारलं, गावामागच्या टेकडीवर काय आहे? पोरांनी भराभरा हात वर केले. कुणी मोहाचं झाड सांगितलं, कुणी चारोळी, कुणी अस्वलाची गुहा. आम्ही पोरी मात्र खाली मान घालून बसलेल्या. रोज अंगणातून दिसणारी टेकडी, पण पाय कुणी लावलाय तिला? मास्तरांना ते फार लागलं. "हे काई बरं नाई," एवढंच म्हणाले, आणि त्या रविवारपासून घरोघरी फिरून आईबापांना विनवू लागले.

आईबाप तयार झाले ते मास्तरांच्या भित्रेपणावर भरवसा ठेवून. माझे वडील हसून म्हणाले, "मास्तर सोताच इतके भेते, ते पोरीले कायले संकटात नेतीन?" अडून बसले फक्त रशीदचाचा. त्यांचं रस्त्यावर ट्रक दुरुस्तीचं दुकान, आणि मेहरुन त्यांची एकुलती एक, माझी जिवलग मैत्रीण. मास्तर तिच्यासाठी चार वेळा त्यांच्या दुकानात जाऊन बसले असतील. शेवटी चाचा स्पॅनर खाली ठेवून म्हणाले, "मास्तरसाब, तुमच्या भरोशावर देऊन राह्यलो. सूरज बुडायच्या आत पोरगी घरी पाह्यजे." त्या रात्री मास्तरांना झोप लागली नाही, असं मास्तरीणबाईंनी आम्हाला नंतर सांगितलं.

वाट तशी अगदी सोपी. म्हातारी शेळीही धापा न टाकता चढेल अशी. बैलगाडीच्या चाकोरीनं नाल्यापर्यंत जायचं, नाला ओलांडायचा आणि सागवानातून हळूहळू वर मोहाखाली पोचायचं. पण मास्तरांना सोप्या वाटेचीच जास्त धास्ती. म्हणायचे, "अवघड वाटेवर माणूस पाहून चालते. सोप्या वाटेवर गप्पा हाणते." म्हणून त्यांनी चुन्यात डिंक कालवला आणि वाटेवरच्या सागांना पांढरे पट्टे ओढले. तेही मुद्दाम कमरेएवढ्या उंचीवर, आमच्या नजरेला यावेत म्हणून. ते काम करताना मास्तरीणबाईंना सोबत नेलं होतं. एकटं जायची छाती नव्हती ना!

चालताना मास्तर नेहमी सगळ्यात मागे. "वाघ मांगून येते," हे त्यांचं ठाम मत. त्यामुळे आम्ही पुढे तोंड करून चालायचो आणि मास्तर अर्धा वेळ मागे तोंड करून. आम्ही त्यांची इतकी नक्कल करायचो की विचारू नका. मेहरुन तर ओढणी डोक्यावर टोपीसारखी गुंडाळून "परतू काय, परतू काय" करत उलटी चालायची, आणि मास्तरही हसायचे. आमच्या नावांची हजेरी मात्र सुटायची नाही. नाल्याशी हजेरी, मोहाखाली हजेरी, कुणी बोरं वेचायला वाकली की पुन्हा हजेरी.

असा एक हिवाळा सुखात गेला. दुसऱ्या हिवाळ्यातली ती गोष्ट. मोहाखाली भाकरी खाऊन आम्ही उतरायला लागलो होतो. मेहरुन पुढे, पट्टे बघत. आम्ही तिच्या मागे, तोंडानं अखंड चऱ्हाट चाललेलं. सगळ्यात मागे मास्तर, वाघाची वाट बघत. बराच वेळ झाला तरी नाला येईना. पट्टे तर दिसत होते, एकामागून एक, पांढरेशुभ्र. मेहरुन म्हणाली, "मास्तर, आज नाला कुठं गेला?" मास्तर पुढे आले. एका सागाजवळ उभे राहिले. हात वर करून त्यांनी पट्ट्याला बोट लावलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हे उंच हायेत. हे माझे नाई."

लाकूडतोडीसाठी निवडलेल्या झाडांना ठेकेदाराच्या माणसांनी त्याच आठवड्यात चुना लावला होता. आजूबाजूला पाहिलं तर चहूकडे पट्टेच पट्टे! ऊन झाडांच्या शेंड्यावर गेलेलं. कुठेतरी वानर खाकरलं, आणि वाघ दिसला की वानर तसं खाकरतं हे आम्हाला मास्तरांनीच शिकवलेलं होतं. आम्ही सगळ्या मास्तरांच्या तोंडाकडे बघत होतो, ते आता म्हणतील, परतू काय. पण ते काही म्हणेनात. देवा, तेव्हा मी खरी घाबरले! हा माणूस घाबरल्याचं बोलून दाखवत होता तोवर आम्हाला कशाचीच भीती नव्हती.

त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, सगळ्यांना ते एका हातानं धरायला लावलं आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतः पुढे झाले. आल्या वाटेनं मागे, दर झाडाशी वाकून, खालचा पट्टा शोधत. मेहरुन रडत होती, "अब्बा मला मारून टाकतील." मास्तर मागे न बघता म्हणाले, "तुले नाई बेटा, मले मारतीन. तू चाल." अखेर एका सागावर कमरेएवढा पट्टा सापडला. आम्ही ओरडलो, पण मास्तरांनी त्या झाडाला नुसता हात टेकला.

रस्त्याला लागलो तेव्हा सूर्य बुडून गेला होता. रशीदचाचा कंदील घेऊन उभे. त्यांनी मेहरुनला जवळ घेतलं, मग सगळं ऐकून घेतलं आणि, खरं सांगते, एक शब्द वाईट बोलले नाहीत. उलट म्हणाले, "पोरी सलामत आल्या ना? बस झालं. फिरून इतवारी पाठवीन." मास्तर रस्त्याच्या कडेला बसले होते. मास्तरीणबाईंनी दिलेला पाण्याचा गडूही त्यांना धरवेना.

पुढच्या रविवारी आम्ही भाकऱ्या बांधून त्यांच्या दारात हजर. मास्तरीणबाई उंबऱ्यात बसलेल्या, तोंड सुकलेलं. "सकाळीच गेले. बादली अन् काथ्या घेऊन. एकटे. मले येऊ दिलं नाई." एकटे? परतूमास्तर? दुपार झाली, पत्ता नाही. ऊन कललं तसा बाईंचा जीव टांगणीला लागला, आणि आमचाही. कुणी बोललं नाही, पण ते वानर सगळ्यांच्या मनात होतं. रशीदचाचा दोन माणसं घेऊन निघणार, तेवढ्यात नाल्याकडून मास्तर येताना दिसले.

आपले सगळे पट्टे घासून काढून आले होते, मोहापर्यंतचे. डिंकाचा चुना सुटता सुटला नव्हता, आणि तळहात पार सोलून निघालेले. चाचांनी ते हात पाहिले आणि भडकलेच. "काहून पुसले, मास्तरसाब? मी म्हटलं होतं ना, माझी मेहरुन येईन?"

"तुम्ही पाठवली असती, अन् मी नेली असती. म्हणूनच पुसले," मास्तर म्हणाले.

चाचांनी घरातून खोबरेल मागवलं आणि तिथेच धुळीत बसून मास्तरांच्या तळहातांना स्वतः लावलं. मास्तर हमसून हमसून रडले. आम्ही भाकऱ्यांची फडकी हातात धरून तशाच उभ्या.

उन्हाळ्यात त्यांची बदली झाली. टेकडी होती तिथेच होती, अंगणातून रोज दिसायची. आम्हाला कुणी अडवलं नव्हतं, पण न्यायलाही पुन्हा कुणी आलं नाही.