बारावी जर्सी

देशाच्या महिला फुटबॉल संघातल्या तेवीसजणी त्यांना मामा म्हणायच्या. त्यातली खरी भाची एकच. एकोणीस वर्षं मामा या संघाचे कपडे सांभाळत होते. धुणं, इस्त्री, उसवलेली शिवण, चिखलाचे बूट, सगळं त्यांच्या गळ्यात. "गोल कुणीही करा, डाग मलाच काढायचेत," असं म्हणून ते स्वतःच हसायचे. पण आज कोण खेळणार हे प्रशिक्षक बाईंच्या खालोखाल त्यांनाच कळायचं, आणि या मानाचा त्यांनी कायम धसका घेतलेला.

कारण बाई नावं वाचून दाखवत नसत. सामन्याआधी त्या मामांच्या हातात चिठ्ठी ठेवत आणि मामा तिच्याप्रमाणे खुंट्यांवर जर्सी टांगत. दाराशी गोलकीपर, डाव्या भिंतीवर बचावफळी, समोर मधली फळी, उजवीकडे आघाडी. राखीव मुलींच्या जर्सी घडी करून बाकावर. मुली आत आल्या की आपापला नंबर शोधत. भिंतीवर दिसला तर खेळायचं, बाकावर दिसला तर बसायचं.

भाची तीन नंबरची, बचावफळीत डावीकडे. गुडघ्यापायी आठ महिने घरी बसली होती, आता कुठे संघात परतली होती. आणि आज तिची आई, म्हणजे मामांची ताई, जन्मात पहिल्यांदा स्टेडियममध्ये येत होती.

मामांनी चिठ्ठी उघडली. बाईंनी रचना बदलली होती. मागे कायमच्या चारऐवजी तीन, मध्ये पाच, पुढे दोन. तीन नंबर कुठेच नव्हता. त्यांनी चिठ्ठी उलटून पाहिली. मागची बाजू कोरी.

"रेफरीकडे यादी गेलीसुद्धा," बाई जाता जाता म्हणाल्या. "आता बदल नाही."

मामा जर्सी टांगायला लागले. हात खुंट्यांवर, जीव भलतीकडेच. पोरीचा चेहरा बघायचा कसा? तेवढ्यात ताईचा फोन आला.

"अरे, पोचले मी. कुठल्या बाजूला बसू? ती डावीकडे असते ना?"

"कुठेही बस गं. सगळीकडून दिसतं."

"तुझा आवाज का असा?"

"इस्त्रीची वाफ गेली घशात."

एका हाताने फोन धरून त्यांनी उरलेल्या जर्सी टांगल्या. टांगून झालं की मोजायचं, ही त्यांची रीत. आज ती राहून गेली.

मुली गलका करत आल्या. भाची दारातच थबकली, डाव्या भिंतीकडे बघून तिने तोंडावर हात धरला. चौथ्या खुंटीवर तिची जर्सी होती.

मामांना आधी भास वाटला. मग त्यांनी भिंतींवरच्या जर्सी मोजल्या. बारा! एकोणीस वर्षं त्या भिंतीवर चार जर्सी टांगणाऱ्या हातांनी आजही गुमान चारच टांगल्या होत्या.

भाचीने तोवर जर्सी अंगात घातलीसुद्धा. "मामा, आईला सांगितलंस?"

पाच मिनिटांत बाई येणार आणि सगळ्यांदेखत तिला उठवणार. तिच्या बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने मामा खाली बसले.

"बाळा, माझी चूक झाली. आज मागे तीनच आहेत. मी आपला सवयीने..."

ती आधी हसली. मामा थट्टा करतोय असं वाटलं असणार. मग तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"गुडघ्यामुळे?"

"नाही गं माहीत."

भिंतीकडे तोंड करून तिने जर्सी काढली आणि मामांच्या हातात दिली. आयुष्यात त्यांना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. खिशातून फोन काढत ते म्हणाले, "ताईला मी सांगतो."

"नको. तुझा आवाज ऐकूनच ती रडेल." मुलींचे फोन बसमध्येच गोळा केलेले, म्हणून तिने मामांचाच घेतला.

"आई? बसलीस ना नीट? हे बघ, मला नंतर उतरवणार आहेत, दुसऱ्या हाफमध्ये. सुरुवातीला दिसले नाही तर घाबरू नकोस. गुडघा? अगं, ठणठणीत आहे."

चिठ्ठीत तसं काही नव्हतं. फोन परत करताना तिने मामांकडे पाहिलं नाही. जाऊन बाकाच्या टोकाला बसली आणि दोन्ही हातांनी गुडघा चोळत राहिली.