माझा उजवा कान आणि टीव्हीवाले

धुळ्यात आमची कॅसेटची कंपनी होती. कंपनी म्हणजे मी, माझा भागीदार, पुढे दुकान आणि मागे एक खोली. रस्त्यावरच्या रिक्षांचा आवाज आत येऊ नये म्हणून खोलीच्या भिंतींना आम्ही पोती आणि काथ्याच्या गाद्या ठोकल्या होत्या. लग्नाची गाणी, देवीची गाणी, अहिराणी नकला, जे चालेल ते आम्ही काढायचो. भागीदार अमळनेरकडच्या एका खेड्यातला, बोलण्यात पटाईत. कलाकार आणणं, गावोगावचे दुकानदार सांभाळणं त्याच्याकडे. ऐकणं माझ्याकडे. कोणता आवाज पुढे घ्यायचा, कोणता मागे ठेवायचा, हे मी ठरवायचो. तो लोकांना सांगायचा, "मी तोंड शे, हाऊ कान शे."

नव्वदीच्या सुरुवातीची ती वर्षं. एका सकाळी उठलो तर उजवा कान बंद. आंघोळीचं पाणी गेलं असेल म्हणून दोन दिवस थांबलो. मग कानात शिट्टीसारखं वाजायला लागलं आणि त्यामागे काहीच ऐकू येईना. धुळ्यात डॉक्टरकडे गेलो असतो तर संध्याकाळपर्यंत बाजारभर झालं असतं. म्हणून नातेवाइकाकडे जातो असं सांगून एस.टी.नं जळगाव गाठलं. तिथल्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "नस गेली. हा कान परत यायचा नाही."

"आणि डावा?"

"डावा आज चांगला आहे."

ते 'आज' माझ्या मानेवर बसलं. रोज पहाटे डोळे उघडायच्या आधी मी डाव्या कानाशी बोटं घासून बघायचो. आवाज आला की मगच उठायचो. डाव्या कुशीवर झोपायची भीती वाटायची, कारण तो कान उशीत गेला की घर नाहीसं व्हायचं. रस्त्यानं चालताना माणूस डावीकडे राहील असं बघायचो. भागीदाराला सांगायचं रोज ठरवायचो आणि रोज उद्यावर ढकलायचो. बहिऱ्या माणसाशी आवाजाच्या धंद्यात कोण भागीदारी करेल?

काम मी कसंबसं रेटत होतो. हेडफोन आधी सरळ लावायचा, मग खोलीत कोणी नसलं की उलटा करून उजवी बाजूही डाव्या कानानं ऐकायची. कोणी बसलेलं असलं तर मशीनवरच्या, आवाज किती चढला ते दाखवणाऱ्या काट्याकडे बघून अंदाज घ्यायचा. जवळपास दोन वर्षं असं चाललं.

आणि मुंबईहून टीव्हीवाले आले. दोघातिघांनी मिळून चालवलेल्या संगीताच्या छोट्या धंद्यांवर त्यांची माहितीपटांची मालिका चालली होती, आणि त्यातल्या एका भागात आम्ही दोघं असणार होतो. भागीदारानं दुकानाला रंग दिला, दोघांना सारखे शर्ट शिवले. मला आठ दिवस अन्न गोड लागलं नाही. देवीच्या गाण्यापेक्षा कानातली शिट्टी मोठी झाली होती.

दिग्दर्शक बाई होत्या, तिशीच्या, शांत बोलणाऱ्या. पहिल्याच दिवशी त्या माझ्या उजवीकडे बसल्या आणि काहीतरी विचारलं. मी म्हणालो, "हो, चहा चालेल." सगळे हसले. मी थट्टा केली असं भागीदाराला वाटलं. प्रश्न मला ऐकूच आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, "तुम्ही काम करता तसं करा. गाणं लागेल, तुम्ही ऐका आणि काय सुधाराल ते सांगा." आमच्या हेडफोनला चिकटपट्ट्या होत्या, तो वाईट दिसेल म्हणून त्यांनी त्यांचा दिला. चांगला जाड, कान पूर्ण झाकणारा. मी तो लावला. दिवे डोळ्यांवर होते. भागीदार समोर स्टुलावर, नवीन शर्टात. बाईंनी हात हलवला. मशीन फिरायला लागली.

काहीच आलं नाही.

काटे नाचत होते आणि मला काही ऐकू येत नव्हतं. उजवीकडे नेहमीचा अंधार, आणि आता डावीकडेही. मला वाटलं, झालं. डावाही गेला. इथे, या सगळ्यांसमोर. भागीदाराचे ओठ हलताना दिसले, पण आवाज नाही. मी बटण वर नेलं, अजून वर नेलं. हेडफोन काढून बघावं हेही सुचलं नाही. मी ओरडलो, "काहीच येत नाही! मला काहीच येत नाही!"

कोणीतरी माझ्या डोक्यावरून हेडफोन ओढला आणि सगळं एकदम आत आलं. पंखा, रस्ता, आणि गाणं. गाणं त्या हेडफोनमधूनच येत होतं, पत्र्यावर खडे पडावेत तसं, खोलीभर. त्यांचा आवाजवाला वायर चाचपत म्हणाला, "डावी बाजू तुटलीय. पण उजवी तर फुल चालू आहे. इथून ऐकू येतंय मला."

भागीदार उठला. आधी तो कॅमेऱ्यासमोर उभा राहिला आणि शुद्ध मराठीत म्हणाला, "बंद करा ते." मग माझ्या उजवीकडे येऊन हळूच काहीतरी बोलला, हे त्यानंच मला नंतर सांगितलं. मी वळलो नाही, कारण तो बोलला हेच मला कळलं नव्हतं. तेवढं त्याला पुरलं.

त्या दुपारी आम्ही दोघंच दुकानाच्या पायरीवर बसलो. तो म्हणाला, "तू माले काबर सांगं नही?"

"भीती वाटली. तू दुसरा माणूस शोधशील म्हणून."

मग त्यानं जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. पिंपळनेरच्या एका दुकानदारानं वर्षापूर्वी आमच्या कॅसेट परत पाठवल्या होत्या. एका बाजूच्या स्पीकरमधून ढोलकी गाणाऱ्या बाईच्या गळ्यावर चढते, असं त्याचं म्हणणं. भागीदार स्वतः तिथे गेला आणि भर बाजारात त्याला वाट्टेल ते बोलला. "मी त्याला म्हटलं, माझ्या माणसाचा कान चुकत नाही, तुझाच तपासून घे. म्हाताऱ्या माणसाला बोललो मी. त्याच्या नातवांसमोर."

त्यानं माझ्यावर आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी बाई विचारायला आल्या, तो तुकडा वापरू का. भागीदार नको म्हणाला. उद्या कोणी गायक येणार नाही, ही त्याची काळजी खरी होती. पण पुन्हा पहाटे उठून लपवायचं, हे आता माझ्याच्यानं होणार नव्हतं. मी म्हणालो, "वापरा."

चार दिवसांनी आम्ही पिंपळनेरला गेलो. दुकानदार गल्ल्यावर होते. आम्हाला बघून त्यांनी मान फिरवली. बोलायचं काम भागीदाराचं, पण तो दारातच चपला काढत राहिला. मीच म्हणालो, "नाना, चूक माझी होती. मला एका कानानं ऐकू येत नाही." नानांनी माझ्याकडे पाहिलं, कपाटातून तीच कॅसेट काढली आणि लावली. मी डावा कान स्पीकरला लावून आधी एक, मग दुसरा ऐकला. ढोलकी खरंच गाणाऱ्या बाईच्या गळ्यावर बसली होती. तसं मी म्हणालो. नाना भागीदाराला म्हणाले, "बस. पानी पी." माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. माल मात्र पुन्हा घ्यायला लागले.

तो भाग लागला तेव्हा मी घरात टीव्हीकडे पाठ करून बसलो होतो. बायको सांगत होती, आता तुम्ही दिसताय, आता ओरडताय. ती मध्येच थांबली. तिलाही मी सांगितलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात दोन गायक जळगावच्या दुसऱ्या कॅसेटवाल्याकडे गेले. बाकीचे राहिले. अमळनेरच्या एका पेटीवाल्याला आम्ही माझ्याशेजारी बसवलं. उजव्या बाजूचं तो ऐकायचा, आणि आमचं रोज भांडण व्हायचं. टीव्ही बघून वरणगावच्या एका अनोळखी माणसाचं पोस्टकार्ड आलं. कारखान्यात त्याचे दोन्ही कान अधू होत चालले होते, घरी कोणाला माहीत नव्हतं. 'तुम्ही एवढं धाडस कसं केलं,' असं त्यानं विचारलं होतं. मी त्याला खरं तेच लिहिलं, की धाडस नव्हतं, हेडफोन मोडका होता. आणि खाली लिहिलं की आज जेवताना बायकोला सांगा.

त्याचं उत्तर आलं नाही.