तीन वाजताचे सबनीस

दुपारचे तीन वाजले की सबनीस उठायचे. हातातलं काम अर्धवट असो, फोन वाजत असो, साहेब मागे उभा असो, ते उठायचे. कॉम्प्युटरचा पडदा बंद करायचे, खणातून एक मँडरिन काढून खिशात टाकायचे आणि शेजारच्या टेबलावर मी असले तर मराठीत सांगायचे, "डोकं खुंटीला टांगून येतो." मग जिना उतरून ओढ्याकाठच्या पायवाटेने पुलापर्यंत जायचे, तिथल्या बाकावर बसून ते छोटं संत्रं फोड-फोड करत खायचे आणि परत यायचे. पाऊस असला तर रेनकोट चढवून जायचे. ऑकलंडच्या या हेन्डरसन भागात पाऊस बहुतेक असतोच.

आम्ही मालवाहतुकीच्या एका कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळत होतो. कुठल्या ट्रकमध्ये काय आहे आणि तो कुठे अडकलाय, हे पडद्यावर दिसलं नाही की बोंब आमच्या नावाने. लोक जेवण कीबोर्डवर सांडत जेवायचे. अशा ऑफिसात कामाच्या वेळेत उठून फिरायला जाणारा पन्नाशीचा गृहस्थ मला पहिल्या दिवसापासून कामचुकार वाटला. मी डोंबिवलीची. आमच्याकडे खुर्ची सोडणाऱ्या माणसाबद्दल कुणी चांगलं बोलत नाही. पुढे लक्षात आलं की सबनीसांचं काम वेळेत होतं आणि खुर्चीला चिकटलेल्या आमचं होत नाही. याचाही मला थोडा राग आला.

त्यांच्याबरोबर मी पहिल्यांदा ओढ्यावर गेले ती रडून. मी बदललेल्या एका ओळीमुळे सकाळपासून निम्मे ट्रक पडद्यावरून गायब झाले होते. मी ऑफिसच्या किचनमध्ये नळ मोठा सोडून रडत होते. सबनीस चहाला आले, त्यांनी मला पाहिलं, चहा केला, आणि जाता जाता म्हणाले, "मेधा, रडून झालं की खाली ये. तोंड धुऊ नकोस, बाहेर पाऊस आहे."

खाली गेल्यावर म्हणाले, "बोलायचं नाही हं. ऑफिसचं तर मुळीच नाही." आम्ही गप्प चाललो. गवतात ते निळे-जांभळे पुकेको पक्षी लांब तंगड्या टाकत फिरत होते. बाकावर त्यांनी मला अर्धं मँडरिन दिलं. परत आलो तेव्हा ट्रक गायबच होते, पण मला पडद्यावरची अक्षरं वाचता यायला लागली होती. संध्याकाळपर्यंत चूक सापडली.

या सवयीचं मूळ मला त्यांच्या घरी कळलं. माधवीवहिनींनी पोहे केले होते आणि मुलगा आमचं मराठी ऐकून इंग्रजीत उत्तरं देत होता. सबनीस म्हणाले, "पुण्यात माझ्या हाताखाली माणसं होती गं. इथे आलो तर जो तो विचारी, न्यूझीलंडमधला अनुभव आहे का? नोकरी दिल्याशिवाय अनुभव कुठून आणू? शेवटी ओटाहुहूच्या एका कारखान्यात खोकी भरायला लागलो. एक दिवस गाडी चालवताना हात थरथरायला लागले, श्वास घेता येईना. वाटलं, संपलं. हॉस्पिटलात सगळं तपासून डॉक्टरीण म्हणाली, हृदय ठणठणीत आहे. हे ऐकून कुणी रडतं का? मी रडलो. हृदय ठणठणीत, मग औषध कशाला द्यायचं?"

"मग यांनी पुणेरी उत्साह दाखवला," वहिनी म्हणाल्या.

"दाखवला. पहाटे उठणं, सूर्यनमस्कार, प्राणायाम, धावणं. चहा बंद, साखर बंद. पंधरवड्यात अंथरूण धरलं. तेव्हा ठरवलं, सगळ्यांत वाईट दिवशीसुद्धा जे जमेल तेवढंच करायचं. मला काय जमत होतं? कोपऱ्यावरच्या डेअरीच्या दुकानापर्यंत जाणं. तेवढंच धरलं. बरं वाटायला लागलं तरी वाढवलं नाही."

"काही घ्यायचं नसलं तरी जायचे," वहिनी म्हणाल्या. "त्या दुकानातल्या गुजराती बाईला वाटायचं, हे गिऱ्हाईक दारात येतं आणि काय हवंय ते विसरून परत जातं."

सबनीस हसले. "सवय म्हणजे विरजण. दूध कोमट लागतं. उकळत्या दुधात घातलंस की नासलंच." दुसरं एक वाक्य त्यांच्या तोंडी नेहमी असायचं, "वाईट दिवशी जमते ती सवय, बाकीची सगळी हौस." त्यांनी मलाही माझं काहीतरी शोधायला सांगितलं होतं. मी खूप विचार करून, घरी गेल्यावर आधी पाय धुवायचे, मग कशालाही हात लावायचा, असं ठरवलं. सांगताना लाज वाटली. ते मात्र खूश झाले. "उत्तम. आपल्याकडे पाय धुतल्याशिवाय कुणी आत घेत नसे. फुकटचं औषध होतं, आपण बूट घालून घालवलं." मी अजून पाय धुते.

मग मंदी आली. ट्रक रिकामे धावायला लागले आणि काही धावायचेच थांबले. ऑफिसात लोक हळू आवाजात बोलू लागले. त्या दिवसांत तीन वाजता सबनीसांच्या मागून एकेक जण खाली उतरायला लागलं. फोनवर बसणारी सामोअन सिना आली, हिशेबातला एक जण आला. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. सगळे गप्प चालायचे आणि वर येऊन कामाला लागायचे. माझ्या मते त्या ऑफिसात तेवढीच एक शहाणपणाची गोष्ट चालू होती.

ती आमच्या साहेबाच्या, ग्लेनच्या नजरेत भरली. ग्लेन वाईट माणूस असता तर फार बरं झालं असतं. तो कधी ओरडला नाही, शुक्रवारी जँडल घालून यायचा, म्हणजे आपल्या साध्या रबरी चपला, आणि सगळ्यांच्या मुलांची नावं त्याला पाठ होती. सबनीसांना तो 'श्री' म्हणायचा. त्याने श्रीला केबिनमध्ये बसवून, कॉफी देऊन सांगितलं की तुझं हे चालणं फार भारी आहे, लोकांवर ताण आहे, तर टीमसाठी तू हे रीतसर चालव.

"आणि तुम्ही हो म्हणालात?" मी विचारलं.

"अगं, इतक्या आपुलकीने विचारलं त्याने. तोंडावर नाही कसं म्हणायचं?"

"तोंडावरच म्हणायचं असतं. भीड भिकेची बहीण, सबनीस."

"काय बिघडतंय? चार लोकांचं भलं होईल." मग म्हणाले, "आणि या दिवसांत आपण उपयोगी आहोत हे दिसलेलं बरं. घराचे हप्ते आहेत, पोराचं शेवटचं वर्ष आहे."

त्यांच्या गप्प चालण्याला 'वॉक अँड टॉक' असं नाव मिळालं, म्हणजे जे करायचं नाही तेच नावात. हिरव्या टोप्या आल्या. तीनची वेळ ग्राहकांच्या फोनची म्हणून चालणं जेवणाच्या सुट्टीत ढकललं. बाकाशी पोचलं की प्रत्येकाने आपल्या ताणाबद्दल एकेक वाक्य बोलायचं होतं. मी दोनदा गेले. दुसऱ्यांदा मी म्हटलं, माझा ताण ही टोपी आहे. कुणी हसलं नाही. सबनीस हिरवी टोपी घालून पुढे चालत होते आणि मागे वळून कोण मागे राहिलंय ते बघत होते. स्वतः चालायला त्यांना सवडच नव्हती. तीनला मात्र ते अजून एकटे खाली जायचे, तेवढं त्यांनी राखलं होतं.

मग कपात सुरू झाली. ग्लेन एकेकाला केबिनमध्ये बोलवून सांगायचा. सांगितल्यावर तो माणूस थेट टेबलाशी येऊन सगळ्यांसमोर कोसळू नये, ही ग्लेनची काळजी. त्याने पुन्हा श्रीला कॉफी दिली. "बातमी सांगून झाली की तू त्याला ओढ्यावर घेऊन जा. तुला हे छान जमतं."

सबनीस हो म्हणाले.

पहिली सिना गेली. सबनीस केबिनच्या दाराशी कोट घेऊन उभे होते. परत आल्यावर सिनाने त्यांना मिठी मारली, तेव्हा त्यांना वाटलं की आपण काहीतरी चांगलं केलं. मलाही क्षणभर तसं वाटलं. पुढच्या आठवड्यात हिशेबातला गेला, मग आणखी कुणी. जाताना लोक सगळं सबनीसांपाशी बोलायचे, घराचं, बायकोचं, व्हिसाचं. ऐकून घ्यायचं आणि परत आणून सोडायचं, हे त्यांचं काम. आणि मग ऑफिसला कळलं की सबनीस कोट घेऊन उठले की कुणाची तरी नोकरी गेलेली असते.

एके दुपारी तीन वाजता ते नेहमीसारखे उठले, तर सगळ्या खोलीच्या माना खाली गेल्या. टायपिंग थांबलं. ते माझ्या टेबलापलीकडच्या पोराजवळून गेले तेव्हा तो ओशाळं हसून म्हणाला, "आज मी नाही ना, श्री?" गंमतच केली त्याने. सबनीसही हसले, खुर्चीशी परत आले आणि बसले. त्यानंतर तीन वाजता ते कधी उठले नाहीत.

मी विचारलं की म्हणायचे, "आज नको." खणातली मँडरिनं सुकून कडक झाली. माउस धरलेला हात थरथरायला लागला, मग त्यांनी दुसरा हात त्यावर ठेवून काम करायची युक्ती काढली. हे बघून मला संताप यायचा. ज्या माणसाने कुणाची मदत नसताना, परक्या देशात, डेअरीपर्यंत चालत स्वतःला उभं केलं, तो माझ्या डोळ्यांसमोर तीच जागा दुसऱ्याला वापरायला देऊन बसला होता.

"ग्लेनला सांगा, झेपत नाही," मी म्हटलं.

"चिडेल तो."

"चिडू दे."

"तुला काय जातंय म्हणायला. चिडला तर पुढचा नंबर माझाच." एवढ्या कडवटपणे ते माझ्याशी पहिल्यांदाच बोलले.

नंबर त्यांचाच होता. एप्रिलमधल्या एका सकाळी ग्लेन माझ्या टेबलाशी वाकून हळूच म्हणाला, "श्रीशी आत्ताच बोललोय. तू त्याला जरा फिरवून आणशील? तूच असावीस असं त्याला वाटेल." त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. मला ते पाणी आजही सहन होत नाही.

सबनीस जिन्याशी कोट घालून उभे होते. आम्ही खाली उतरलो. वाटेवर ते माझ्या पुढे चालत होते, मला सांभाळून नेत असल्यासारखे, एके ठिकाणी चिखल होता तिथे थांबून हात पुढे केला. पुलाशी आल्यावर मी बाकाकडे वळले.

"तिथे नको," ते म्हणाले. "तिथे मी सगळ्यांना बसवलंय."

आम्ही कठड्याला टेकून उभे राहिलो. त्यांनीच सुरुवात केली. "आता तो तुला सांगेल, पुढच्या माणसाला घेऊन जायला. मेधा, नाही म्हण. नोकरी गेली तर जाऊ दे. माझं ऐक, नाही म्हण." मग ओढ्याकडे बघत म्हणाले, "मला काही तेवढं धैर्य झालं नाही."

पुढच्याच आठवड्यात ग्लेनने मला विचारलं. आदल्या दिवसापासून घोकलेलं वाक्य मी एका दमात म्हटलं. नाही ग्लेन, हे मी करणार नाही, कारणही सांगणार नाही. मी टेबलाची कड धरून उभी होते.

"स्वीट अ‍ॅज," ग्लेन म्हणाला, म्हणजे आपलं 'चालतंय की'. आणि कॉफीचा घोट घेऊन त्याने शनिवार-रविवारचा काय बेत आहे म्हणून विचारलं.

एवढंच. त्याने दुसऱ्या कुणालाही विचारलं नाही. हिरव्या टोप्या किचनच्या कपाटात गेल्या आणि पुढच्या माणसाला रिसेप्शनवरच्या मुलीने एक कप चहा करून दिला. माझ्या नोकरीला धक्काही लागला नाही. मला त्या दिवशी ग्लेनपेक्षा सबनीसांचा राग आला, घरी पोचेपर्यंत येत राहिला, आणि मग नुसतं वाईट वाटलं.

सबनीसांना ऑकलंडमध्ये पुन्हा काम मिळालं नाही. वहिनींचा भाऊ ब्रिस्बेनला होता, तिकडे जायचं ठरलं. निघायच्या आधी मी भेटायला गेले. घरभर खोकी होती आणि सबनीस मागच्या दाराशी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. दाढी केलेली नव्हती. वहिनींनी मला स्वयंपाकघरात थांबवून हळू आवाजात सांगितलं, "पायरी उतरत नाहीत गं. मी म्हटलं, पूर्वीसारखं कोपऱ्यापर्यंत तरी चला, मी येते. तर म्हणतात, चालायला लागलं की शेजारी कुणीतरी रडतंय असं वाटतं."

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. ब्रिस्बेनच्या हवेबद्दल बोललो, मुलाच्या परीक्षेबद्दल बोललो. वहिनींनी चहा आणला. थोड्या वेळाने सबनीसांनी विचारलं, "ग्लेनने तुला सांगितलं का, लोकांना घेऊन जायला?"

"सांगितलं."

"मग?"

"नाही म्हटलं."

ते खुर्चीत पुढे सरकले. "मग तो काय म्हणाला?"

त्यांचे दोन्ही हात कपाभोवती होते आणि कप हलत होता. वहिनीही दारात थांबल्या होत्या.

"फार चिडला," मी म्हटलं.

"ओरडला?"

"ओरडला. म्हणाला, विचार करून बोल, नोकरीचा प्रश्न आहे."

सबनीस हळूहळू मागे टेकले. "ऐकलंस, माधवी?" ते म्हणाले. "मी सांगत नव्हतो? हिचं एकटीचं पोट आहे, हिला चाललं. माझ्यासारख्याला कसं जमलं असतं?"

"नसतंच जमलं," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, कपातला चहा संपवला आणि वहिनींना आणखी थोडा आहे का विचारलं.