रायफलीचा झिरो

विस्कॉन्सिनमध्ये हरणांच्या शिकारीचा सीझन नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आधी सुरू होतो. माझी रायफल मात्र त्या वर्षी भलतीकडेच मारत होती. रायफलीवरच्या दुर्बिणीतली फुली जिथे, गोळी तिथे, असं जुळवून घेतात त्याला झिरो म्हणतात. मी शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर झिरो जुळवायचो आणि पुढच्या शनिवारी तो गेलेला असायचा.

मुलाचं आणि माझं बोलणं बेताचंच. मी मराठीत विचारतो, तो इंग्रजीत संपवतो. वर्षातून एकदा आम्ही दोघं जंगलात शेजारी बसतो, तेवढंच काय ते आमचं मेतकूट. यंदा तो फोनवर म्हणाला, "डॅड, मेबी इट्स युअर आइज. लेट्स स्किप धिस इयर." हरीण नुसतं जखमी होऊन पळालेलं त्याला चालत नाही, मलाही नाही. त्याचं बरोबर होतं, म्हणून जास्त झोंबलं. सीझन गेला की मुलगाही हातचा गेला, असंच मला वाटत होतं.

बायको म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं. आधी डोळे दाखवून या."

जन्मभर इंजिनिअरिंग केलेला माणूस असा ऐकतो थोडाच. मी दुर्बीण बदलली, गोळ्या बदलल्या. दुर्बीण धरून ठेवणाऱ्या रिंगा उघडून स्पिरिटने लख्ख पुसल्या, स्क्रू नीट आवळले. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. रायफल टेकवून मी बाकावर नुसता बसून राहिलो. खरंच डोळे गेले, आता सगळंच संपलं, असं वाटलं. चेहरा लोकांना दिसू नये म्हणून टोपी खाली ओढली.

घरी आल्यावर गराजमध्ये, शेवटचं म्हणून, रिंगा पुन्हा खोलल्या. आत थंडीने थिजलेला पांढरा थर होता. बोटावर घेऊन वास घेतला. खोबरेल, आम्ही शिकागोच्या डेव्हन रस्त्यावरच्या देशी दुकानातून आणतो तेच. तेलामुळे दुर्बीण रिंगेत घसरत होती, दुसरं काही नाही. जीव भांड्यात पडला. माझे डोळे शाबूत होते.

खंडेनवमीला आमच्याकडे शस्त्रपूजा असते. ही गाडीला, लॅपटॉपला आणि रायफलीला तेलाचं बोट आणि कुंकू लावते. बंदुकीच्या कपाटाची किल्ली देवघरातच असते. म्हणजे हा प्रताप हिचा, म्हणून मी एकटाच हसलो. मग आठवलं, खंडेनवमी होऊन महिना उलटला होता आणि रिंगा तर मी गेल्याच आठवड्यात पुसल्या होत्या.

स्वयंपाकघरात ती निरांजन घासत होती. मी विचारलं, "रायफलीला तेल तू लावलंस का गं?"

"मग? खंडेनवमी नाही का आज?" ती म्हणाली. "दर वर्षी लावतेच की, विचारता काय?"

खिडकीबाहेर झाडं पार बोडकी झाली होती. मी देवघरातली किल्ली उचलून खिशात टाकली आणि मुलाला फोन लावला. सांगितलं, दोष सापडला, रिंगेत तेल गेलं होतं.

"ग्रेट," तो मोकळेपणाने हसला. "सो इट वॉजन्ट यू, डॅड."

"नाही," मी म्हणालो. "मी नव्हतो."

माझेच डोळे गेले असते तर किती बरं झालं असतं. मागून ती विचारत होती, "अहो, ती किल्ली कुठे ठेवलीत? रायफलीची पूजा राहिलीय."