पिकलेला आंबा निळा होत नाही

आयोडिन मास्तरांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि त्याशेजारचं बोट कायम तपकिरी असे. कोटाच्या खिशात बुचाची लहानशी बाटली, बाटलीत दवाखान्यातून आणलेलं टिंक्चर आयोडिन, आणि समोर येईल त्या खाण्याच्या वस्तूवर त्याचा थेंब टाकून ती निळी होते की नाही हे पाहिल्याशिवाय या गृहस्थांना चैन पडत नसे. गवळ्याच्या दुधात थेंब, दुकानदाराच्या पिठात थेंब, लग्नाच्या पंगतीत वाढलेल्या पदार्थात थेंब. निळं झालं की मान हलवून म्हणत, "पिष्ट." जणू काही चोर पकडला. पंगतीत त्यांच्या शेजारी बसायला कोणी राजी नसे. मी तर मुळीच नसे.

हा मनुष्य मला आवडत नसे. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण मेल्यामुळे ते सुधारले असतील असं मला वाटत नाही, म्हणून बोलतो.

रत्नागिरीत एकाच शाळेत आम्ही दोघे शिकवत होतो, ते रसायन आणि सृष्टिशास्त्र, मी संस्कृत. माझ्या वर्गाच्या मागच्या बाजूला फळ्यांचा आडोसा करून त्यांना 'प्रयोगशाळा' दिलेली होती. त्यामुळे त्यांचं शास्त्र मला फुकटात आणि नको असताना ऐकावं लागे. मुलांना ते 'बैल' म्हणत. मुलांनाच कशाला, हेडमास्तरांपासून शिपायापर्यंत, आणि आमच्या गावापासून त्यांच्या दाभोळपर्यंत त्यांच्या लेखी सगळे बैलच होते. एकदा मी त्यांना म्हटलं, "मास्तर, शिव्या तरी बदलून द्या." तर म्हणाले, "शास्त्रीबुवा, ही शिवी नव्हे. बैल निदान रवंथ तरी करतो. तुमचे विद्यार्थी तेही करीत नाहीत."

रवंथ मात्र ते मुलांकडून खरोखरीच करवून घेत. दरवर्षी एक दिवस घरून डब्यात भात आणीत, प्रत्येकाच्या तोंडात एकेक घास देत आणि तो न गिळता चावत राहायला सांगत. फळ्यांच्या अलीकडे मी धातूंची रूपं चालवत असे आणि पलीकडे सगळा वर्ग मचमच करीत असे. बऱ्याच वेळानं कोणीतरी म्हणे, "मास्तर, गोड लागतंय." मग मास्तरांचा आवाज चढे. "आता कळलं? भात म्हणजे पिष्ट. लाळेनं त्याची साखर केली. जीव म्हणजे काय, शिंच्यांनो? पिठाची साखर करायची आणि ती साखर आत जाळायची, याचं नाव जीव. बाकी सगळी कीर्तनं." मी एकदा फळीच्या फटीतून विचारलं, "आणि आत्मा?" पलीकडून उत्तर आलं, "तो निळा होत नाही." सगळी मुलं हसली, माझीसुद्धा.

माझ्या विषयाची त्यांना कीव येई. "तुमचे ऋषी हजारो वर्षं भात खात होते," ते म्हणत, "पण भात म्हणजे काय, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही." मी म्हणे, "त्यांना भूक लागायची, म्हणून ते खात होते." यावर ते माझ्याकडे अशा नजरेनं बघत की, जणू बैलांच्या जातीतही मी हलक्या प्रतीचा आहे.

दुसरा त्यांचा आवडता प्रयोग साखरेचा. मोरचुदाचं निळं द्रावण काचेच्या नळीत घ्यायचं, त्यात साखरेच्या पाण्याचे थेंब सोडायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचं. निळं द्रावण हिरवं, मग पिवळं, मग विटकरी लाल होई. त्या वेळी फळ्यांमधून असा काही दर्प येई की मी खिडक्या उघडून घेई. शास्त्राला वास असायचाच, असं मी मनाशी धरलं होतं. या प्रयोगाची साखर त्यांनी शाळेकडे कधी मागितली नाही. "माझ्याकडे असते," एवढंच म्हणत. हेडमास्तर आम्हाला त्यांचा दाखला देत आणि काटकसर शिका म्हणत. मला ती चक्क लाडीगोडी वाटे.

हे सगळं शाळेच्या भिंतीआड राहिलं असतं, पण मध्ये माझ्या थोरल्या भावाचं दुखणं आलं. दादाची भाट्याच्या खाडीपलीकडे आंब्याची बाग होती. तो आणि वहिनी तिथंच राहत. त्या साली दादा तांब्यामागून तांब्या पाणी पिऊ लागला आणि अंगानं उतरू लागला. एके दिवशी बागेतला गडी वहिनीला म्हणाला, "वयनीनू, मोरीत मुंग्या लय झाल्येत. दादा जातात थयच लागतात." डॉक्टरांनी मधुमेह सांगितला आणि भात बंद केला.

दादा हट्टी आणि धार्मिक. "भात नाही तर नाही," तो म्हणाला, "रोजची एकादशी समजेन." आणि त्यानं ती पाळली. रोज वरीचे तांदूळ, उकडलेली रताळी, साबुदाण्याची खिचडी, शिंगाड्याची लापशी. वहिनी सोवळ्यात सगळं मनापासून करी. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण आम्ही लहानपणापासून ऐकलेली, पण ती आपल्या घराला लागू आहे हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. एवढं कडक पथ्य पाळूनही दादा खंगतच चालला. कातळावर त्याची टाच फुटली होती, ती भरेना. मी शिक्षकांच्या खोलीत त्याच्या निग्रहाचं कौतुक सांगत होतो. मास्तरांनी वर न बघता विचारलं, "खातात काय?" मी सांगितलं.

पुढच्या रविवारी, आमंत्रण नसताना, हा मनुष्य होडीतून खाडी ओलांडून दादाच्या ओटीवर हजर. मी तिथंच होतो. दादा पानावर बसलेला. मास्तर सरळ आत आले, खाली वाकले आणि वरीवर एक थेंब, रताळ्यावर एक, खिचडीवर एक असे टाकून मोकळे झाले. तिन्ही ठिकाणी काळानिळा डाग पसरला. "हा उपास नव्हे," ते म्हणाले. "हा भातच आहे. सोवळं नेसून आलाय एवढंच."

वहिनीनं पान उचलून गोठ्यात नेलं. मी मास्तरांना चालते व्हा म्हणून सांगितलं. जाताना दारात वळून म्हणाले, "जातो. तुम्हाला माझा राग आला तरी चालेल, यांच्या टाचेला काय वाटतं ते विचारा."

दुसऱ्या दिवशी दादानं मला निरोप पाठवला की, त्या मास्तरांकडून तसली एक बाटली मिळते का बघ. मी नाक मुठीत धरून गेलो. मास्तरांनी बाटली दिली आणि नियम सांगितला. "निळं होईल ते औषधासारखं चिमूटभर. निळं होणार नाही ते पोटभर." मी विचारलं, "एवढंच?" ते म्हणाले, "बैलाला याहून जास्त सांगू नये. गोंधळतो."

बाटली वहिनीच्या फळीवर, लोणच्याच्या बरणीशेजारी जाऊन बसली. पडवळ, दोडका, दुध्या, ओला नारळ, ताक, सगळ्यांची परीक्षा झाली आणि ही मंडळी पास झाली. दादाला हुशारी वाटू लागली. टाचेची कड भरून यायला लागली. मास्तरांचे आभार मानायला हवेत असं वहिनी दोनतीनदा म्हणाली. मी ते मानले नाहीत.

मग वैशाख आला. अढीतला हापूस पिकला, घरभर वास सुटला. ज्याच्या स्वतःच्या बागेत झाडं लगडलीत त्या माणसानं काय करावं? दादानं पिकलेल्या आंब्याची फोड कापली आणि देवाचं नाव घेऊन तिच्यावर थेंब टाकला. फोड निळी झाली नाही. दुसरा आंबा घेतला. त्याचीही फोड निळी झाली नाही. वहिनीनं स्वतः तिसरा कापून पाहिला. दादाचा चेहरा कितीतरी महिन्यांनी उजळला. शास्त्रानंच परवानगी दिली होती, मग कसली भीती? सकाळी आंबा, दुपारी वाडगाभर रस, संध्याकाळी पुन्हा आंबा. आयुष्यात पहिल्यांदा मला आयोडिन मास्तरांबद्दल बरं वाटलं.

महिना संपायच्या आत दादा खाटेवर होता. पाय घोट्यापर्यंत सुजलेला, दोन बोटं काळी पडलेली. पाऊस लागून बोटी बंद व्हायच्या आधी मुंबईला न्या, पाय कापावा लागेल आणि तरी भरवसा नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी शाळेत गेलो आणि फळ्यांपलीकडे, भर वर्गात, मास्तरांना वाटेल ते बोललो. तुमच्या नियमानं माझा भाऊ मारलात, म्हणालो.

"काय खाल्लं त्यांनी?"

"आंबा. निळा होत नाही म्हणून."

"पिकलेला?" मास्तरांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मी त्या दिवशी पाहिलं. त्यांनी प्रयोगाच्या दिव्याची आणि नळ्यांची पेटी उचलली आणि वर्ग तसाच सोडून माझ्याबरोबर निघाले.

बागेत पोचल्यावर त्यांनी झाडाची एक कैरी तोडली, अढीतला एक अर्धवट पिकलेला आणि एक पूर्ण पिकलेला आंबा घेतला. दादाच्या खाटेशी बसून तिन्ही कापले आणि थेंब टाकले. कैरी काळीनिळी झाली. अर्धवट पिकलेल्यावर कुठंकुठं डाग उठले. पिकलेला पिवळाच राहिला.

"निळं गेलं कुठं?" दादानं विचारलं.

"जात नाही कुठं. त्याचीच साखर झाली. भात चावताना तोंडात जे होतं, ते आंब्यानं अढीत पडल्यापडल्या उरकून ठेवलं. साखर आयोडिनला दिसत नाही."

दाराआडून वहिनी म्हणाली, "मग हे त्या दिवशी का नाही सांगितलंत?" परक्या पुरुषाशी ती तोवर कधी बोलली नव्हती. "चुकलं," मास्तर म्हणाले. बैलांना त्यांनी असं उत्तर पूर्वी दिलेलं मला ठाऊक नाही.

मग त्यांनी दिवा पेटवला आणि दोन नळ्यांत मोरचुदाचं तेच निळं द्रावण घेतलं. एका नळीत दादाच्या लघवीचे थेंब टाकून तापवले, नळी विटकरी झाली. पेटीतून एक लहान कुपी काढली आणि तिच्यातले थेंब टाकून दुसरी नळी तापवली. ती नळी तर ताबडतोब रक्तासारखी लाल झाली. "हे कोणाचं?" दादानं विचारलं.

"आहेत एक गृहस्थ. त्यांना सगळं ठाऊक आहे आणि दोन्ही वेळा भात जेवतात. तुम्हाला काही ठाऊक नव्हतं. तुम्ही सुटाल."

दादा तशा दुखण्यातही म्हणाला, "त्यांना माझं नाव सांगा. म्हणावं, सोडता येतो."

"सांगून झालं," मास्तर म्हणाले. "बैल आहेत ते."

दादाला मुंबईला न्यावं लागलं नाही. डॉक्टरांनी इथंच दोन बोटं काढली, पाय राहिला. मास्तर दर रविवारी पेटी घेऊन खाडी ओलांडत. भर पावसातही आले. नळी विटकरीची नारिंगी झाली, मग पिवळी, मग हिरवट, आणि दिवाळीच्या सुमारास निळीच राहिली. शाबासकी म्हणून मास्तर एवढंच म्हणाले, "वळला बैल." पुढच्या मोसमात वहिनीनं त्यांना हापूसची करंडी दिली. एका शब्दानं नको न म्हणता त्यांनी ती घेतली. त्यानंतर दरवर्षी घेत गेले. माणूस हावरट आहे, हेही माझ्या मनात तेव्हाच पक्कं झालं.

काही वर्षांनी त्यांच्या पाठीला काळपुळीचं मोठं गळू झालं. मांडवीजवळच्या भाड्याच्या खोलीत ते एकटेच राहत. शाळेतर्फे कोणीतरी जायला हवं म्हणून मी गेलो. पालथे पडले होते, उशाशी मेतकूट-भाताचं ताट होतं, अर्धं खाल्लेलं. मला बघून म्हणाले, "शास्त्रीबुवा, तुम्ही एकदा बरोबर बोलला होतात. भूक लागायची, म्हणून खात होते." ताप डोक्यात गेलाय असं मला वाटलं. आठवड्याभरात ते गेले.

त्यांच्या जागी तरुण मास्तर आले. शिक्षकांच्या खोलीत त्यांनी हेडमास्तरांकडे प्रयोगासाठी द्राक्षशर्करा मागितली. हेडमास्तर म्हणाले, "आधीच्या मास्तरांनी कधी मागितली नाही. घरची साखर आणीत." नवे मास्तर म्हणाले, "घरातल्या साखरेनं हा प्रयोग होत नाही. द्रावण निळंच राहतं."

"असं कसं? दरवर्षी लाल व्हायचं. सगळ्या शाळेनं पाहिलंय. वर्षागणिक जास्तच लाल."

माझ्या नाकात फळ्यांमधून येणारा तो दर्प भरला. दादाच्या खाटेशी त्या दोन नळ्या तापल्या तेव्हाही तोच आला होता. मी उठून बाहेर व्हरांड्यात गेलो.

रविवारी खाडीपलीकडे गेलो. आंब्याचे दिवस होते. दादाला अख्ख्या मोसमात परवानगी होती ती रविवारच्या एका फोडीची, आणि वहिनीनं ती बशीत कापून ठेवली होती. मी शाळेत काय ऐकलं ते सांगितलं.

"म्हणजे त्या कुपीतले गृहस्थ," दादा म्हणाला.

"हो."

"आणि आम्ही त्यांना करंड्या देत होतो," वहिनी म्हणाली आणि आत गेली.

"बैल होता," दादा म्हणाला. बशी त्यानं माझ्याकडे सरकवली, आणि त्या सालात पुन्हा आंबा तोंडाला लावला नाही.

फोड मी खाल्ली. वाया कशाला घालवायची? खाताना डोळ्यांतून पाणी आलं. त्या माणसाचा मला अजून राग आहे, त्यामुळेच ते आलं असणार.