गिळाबाईंचं पोस्टकार्ड

मुलुंडच्या त्या लहानशा इस्पितळाची पायरी मंगळवारी सकाळी चढली की आतून दणदणीत आवाज यायचा, "गिळा! माझ्याकडे काय बघतास, गिळा!" दुर्बिणीच्या खोलीतल्या त्या मालवणी सिस्टरचं खरं नाव हजेरीपटावर असेल, आम्ही सगळे त्यांना गिळाबाई म्हणायचो. बोटाएवढी जाड नळी घशातून उतरतेय, माणसाने डोळे पांढरे केलेत, आणि बाई एका हाताने त्याचं कपाळ धरून दुसऱ्याने पाठ थोपटतायत. ओरडणं आणि थोपटणं एकाच वेळी फक्त त्यांनाच जमायचं.

माझ्या वडिलांची, अण्णांची, त्यांच्याशी गाठ पडली ती जळजळीमुळे. गिरणीत असल्यापासून अण्णा खायच्या सोड्यावर दिवस काढत होते. शेवटी नळी घातली तेव्हा डॉक्टरांना अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला लाल चट्टा दिसला. आज कॅन्सर नाही, पण पुढे तिथेच होऊ शकतो, म्हणून दर वर्षी नळीने बघायचं आणि कणभर तुकडा तपासायला पाठवायचा असं ठरलं.

दुसऱ्या वर्षी आईने घोळ घातला. जायचं होतं उपाशीपोटी, आणि निघताना तिने अण्णांच्या हातावर दही-साखर ठेवली. बाईंनी अण्णांच्या तोंडाकडे बघून विचारलं, "दही?" अण्णांना खोटं बोलता येत नसे. तपासणी आठवडाभर पुढे गेली. मग बाईंनी आईलाच समोर बसवलं. "वहिनी, दही द्या, पण परत इल्यावर द्या. देवाक दोन्ही चालता." आईला ते पटलं. तेव्हापासून ती दह्याचा डबा घेऊन बाहेरच्या बाकावर बसायची.

तीन वर्षं काही निघालं नाही. चौथ्या वर्षी अण्णा तारखेला गेलेच नाहीत. आठवड्याने बाईंचं पोस्टकार्ड आलं. "तारीख उलटली. नळी घालायची आहे. ताबडतोब या." आमच्या घाटकोपरच्या चाळीत ते चार घरं फिरून आमच्याकडे पोचलं. तोवर दोघीजणी आईला धीर देऊनही गेल्या होत्या. अण्णा असे भडकले की विचारू नका. "साऱ्या चाळीत माझी वाट लावली! जाणार नाही म्हणजे नाही."

रविवारी बाई स्वतः हजर. गॅलरीतला बायकांचा घोळका बघूनच त्यांना काय ते कळलं असावं. खड्या आवाजात म्हणाल्या, "अण्णांच्या लेकीक बघूक इलंय. माझो भाचो आसा गोरेगावाक." भाचा वगैरे कोणी नव्हता. पण चाळ पोस्टकार्ड विसरली आणि पुढे दोन महिने मला मुलगा उंच आहे का ते विचारत राहिली. मी जाम चिडले होते, खोटं कशाला सांगू?

आत आल्यावर बाईंनी दार लोटलं. "कार्ड उघडं धाडलं, चुकलं माझं," म्हणाल्या.

"पण मी तीनदा पास झालोय ना," अण्णा म्हणाले.

"पास झालात म्हणजे शाळा सुटली नाय, अण्णा. वरच्या वर्गात गेलात."

अण्णांना हसू आवरेना. मंगळवारी ते गेले.

त्या वेळच्या तुकड्यात कॅन्सर निघाला. नुकता धरलेला, अगदी वरच्या थरातला. ऑपरेशन मोठं झालं, अण्णा निम्मे झाले, दिवसातून सहा वेळा चिमणीएवढं जेवू लागले, पण वाचले. त्या बाईंनी माझे वडील मला परत दिले. दुसऱ्या कुठल्या शब्दांत ते सांगता येत नाही.

बाई निवृत्त होऊन गावी निघाल्या तेव्हा अण्णा भेटायला गेले. "आता मला कोण बोलावणार?"

"तुमका कित्याक बोलवूक होया? आता तुमी लोकांक बोलवा."

अण्णांनी ते शब्दशः घेतलं. दर मंगळवारी इस्पितळात जाऊन बसू लागले. घाबरलेला माणूस दिसला की शर्टाची बटणं काढून ऑपरेशनचा व्रण दाखवायचे. त्याने माणूस आणखीच घाबरतो, असं आईचं म्हणणं होतं. पण नळी उतरताना अण्णा त्याचा हात धरून उभे राहायचे, आणि नव्या सिस्टरनेही त्यांना कधी हटकलं नाही.

अशी अकरा वर्षं गेली. मग एका मंगळवारी सकाळी, दाढी करता करता, हृदय बंद पडून अण्णा गेले. दुपारी इस्पितळातून माणूस आला. दोन पेशंट सकाळपासून उपाशी बसून होते; अण्णा आल्याशिवाय नळी घालून घ्यायला तयार नव्हते.