परक्या दगडाचा पत्ता

केसरीनाथ भोईर यांनी पडघ्याजवळच्या खाणीत चौतीस वर्षं सुरुंगासाठी भोकं पाडली. त्यापायी उजव्या कानाने त्यांना कमी ऐकू येतं. शिक्षण चौथीपर्यंत. पण दगडावर हातोडी मारली की तो सलग आहे की आतून तडकलेला, हे ते नुसत्या आवाजावरून सांगतात, आणि त्यांचं चुकलेलं कुणाच्या आठवणीत नाही.

साठी उलटल्यावर ते पुतण्याच्या, कुणालच्या, कामांवर देखरेख करू लागले. मानकोलीच्या पुढे खाडीलगत एका गोदामाच्या पायाची खोदाई कुणालने घेतली होती. गेल्या फेब्रुवारीत तिथे जेसीबीने उपसलेल्या मातीतून एक पिवळसर दगड घरंगळला. त्यावर मेंढ्याच्या शिंगासारखा वळलेला, ताटलीएवढा शंख होता. तोही दगडच झालेला.

कुणालने लगेच व्हिडिओ टाकला : ‘भिवंडीच्या काळ्या खडकात करोडो वर्षांचा समुद्री जीव!’ सकाळपर्यंत तो गावोगाव फिरला. लोक बघायला आले. कुणीतरी दगडाला हळदकुंकूही वाहिलं.

तिसऱ्या दिवशी भिवंडीतल्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या नाजनीन मॅडम आल्या. दगड हातात घेताच त्यांचा चेहरा उजळला, मग गोंधळला.

“हा काळ्या खडकाच्या आतून निघाला?”

“हो मॅडम, आतूनच,” कुणाल म्हणाला.

केसरीनाथ बाजूला उभे होते. “न्हाय,” ते म्हणाले. “वरच्या चिखलातून निघालाय. मी समोर हुतो.”

“काका!” कुणालने दातओठ खाल्ले.

“आरं, आपला काळा दगड पातळ आगीचा रस हुता. त्यात शंख कसा टिकंल?” त्यांनी डब्यातलं लिंबू दगडावर पिळलं. बारीक फेस आला. “बग. आपला दगड आसा फसफसत न्हाय. ह्यो इथला न्हायच.”

चुनखडीची हीच परीक्षा नाजनीन प्रयोगशाळेत ॲसिडने करत. “मग तो इथे आला कसा, काका?”

“त्ये ठाव न्हाय. बघाय लागंल.”

आणि त्यांनी बघितलं. मशीन दुसऱ्या टोकाला लावायला सांगून त्यांनी स्वतः फावडं घेतलं. चार दिवसांत त्यांनी वीस हात लांबीचा चर मोकळा केला. दगड दिसला की तो जागेवरच ठेवायचा आणि भोवती चुन्याची रेघ मारायची. असे सतरा पिवळे दगड निघाले. सगळे एकाच पातळीवर, चिखलात, एकमेकांना चिकटून. खालच्या काळ्या खडकात एकही नाही. दगडांमध्ये कुजलेली फळी होती आणि तिच्यात वीतभर लांबीचे गंजलेले खिळे.

पुन्हा आलेल्या नाजनीननी ते खिळे गलबताचे असल्याचं ओळखलं. त्यांच्या पणजोबांची गलबतं होती. लहानपणी त्यांनी घरात ऐकलं होतं, की रिकामं गलबत वाऱ्याने कलंडू नये म्हणून तळाशी दगड भरायचे आणि माल चढवायच्या आधी ते खाडीकाठी टाकून द्यायचे.

त्यांनी दगडाचा तुकडा पुण्याला एका जाणकाराकडे पाठवला. महिन्याभराने उत्तर आलं : दगड कच्छकडचा दिसतो, शंख सुमारे सोळा कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे आपला काळा खडक तयार झाला त्याच्याही कितीतरी आधीचा.

कुणालने व्हिडिओ काढून टाकला. “काका, गप्प बसला असतात तर पेपरात फोटो आला असता,” तो म्हणाला.

“आला आसता,” केसरीनाथ म्हणाले. “आनि ह्या मॅडम पोरांना खोटं शिकवत बसल्या आसत्या.”

कॉलेजच्या नोंदवहीत नाजनीननी शोधणाऱ्याचं नाव केसरीनाथ भोईर असं लिहिलं. जूनच्या आत एका रविवारी त्या आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन पडघ्याच्या जुन्या खाणीत गेल्या. केसरीनाथ धुतलेला शर्ट घालून आधीच हजर होते. मुलामुलींनी वह्या उघडल्या तेव्हा त्यांनी मान हलवली.

“वह्या मागनं,” ते म्हणाले, आणि पहिल्या मुलीच्या हातात हातोडी दिली. “आदी मार, आनि ऐक.”